चिन्मय की बंड्या? : एकच चित्रपट सर्वांना सारखा का दिसत नाही

२०१४ च्या फेब्रुवारीत बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात एका मराठी चित्रपटाला पुरस्कार मिळाल्याची बातमी आपल्याकडे आली. बातमी आनंदाची होती, आणि आपण सर्वांनी ती आनंदाने वाचली. पण तिच्यात शिक्षकांच्या उपयोगाचा एक धागा होता, तो बहुतेकांच्या नजरेतून सुटला.

या महोत्सवात मुलांसाठीच्या चित्रपटांचा 'जनरेशन' नावाचा स्वतंत्र विभाग असतो. त्यातल्या लहान वयोगटाच्या 'के-प्लस' स्पर्धेला तेव्हा दोन परीक्षक मंडळे होती. एक मोठ्या माणसांचे, म्हणजे चित्रपटाच्या जगात वावरणाऱ्या जाणत्यांचे. दुसरे बर्लिनमधल्या ११ ते १४ वर्षांच्या मुलामुलींचे. दोन्ही मंडळे तेच चित्रपट पाहतात आणि आपापला निर्णय स्वतंत्रपणे देतात. त्या वर्षी मुलांच्या मंडळाने सर्वोत्तम चित्रपटाचे 'क्रिस्टल बेअर' दिले अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'ला. मोठ्यांच्या मंडळाचा मुख्य पुरस्कार गेला 'सिएन्सियास नातुरालेस' या अर्जेंटिनाच्या चित्रपटाला. नावाचा अर्थ 'निसर्गविज्ञान'. पण विज्ञानाच्या शिक्षकांनी लगेच खूश होऊ नये, चित्रपट विज्ञानावर नाही. कधीही न पाहिलेल्या वडिलांचा शोध घ्यायला निघालेली एक शाळकरी मुलगी आणि तिला त्या शोधात साथ देणारी तिची शिक्षिका, अशी ती गोष्ट आहे.

गंमत पाहा. दोन्ही चित्रपटांत मुलाजवळ वडील नाहीत. दोन्हींत 'मी कोण, मी कुणाचा' हा प्रश्न आहे. एकात त्या प्रश्नाशी झगडताना मुलीच्या सोबत एक मोठे माणूस आहे. दुसऱ्यात मुलाच्या आजूबाजूला त्याच्याच वयाची पोरे आहेत, आणि ती पोरे कधी सोबत करतात, कधी दगा देतात. मोठ्यांनी पहिला निवडला, मुलांनी दुसरा.

आता एवढ्यावरून सिद्धांत उभारणे शहाणपणाचे नाही. मोठ्या परीक्षकांना 'किल्ला' आवडला नाही असे यातून सिद्ध होत नाही. अनेकांतून एकच निवडायचा असला की काहीतरी मागे राहतेच. एका वर्षाच्या एका निवडीला आम्ही प्रयोगशाळेत 'एक निरीक्षण' म्हणू, त्यापेक्षा अधिक काही नाही. पण हे निरीक्षण एक प्रश्न मात्र नेमका समोर ठेवते. मुलांच्या मैत्रीवरचा चित्रपट पाहताना एकाच अंधारात बसलेली माणसे वेगवेगळे चित्रपट पाहत असतात का? आणि तसे असेल, तर ते का?

किल्ल्यातला पाऊस

ज्यांनी 'किल्ला' पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वडील वारल्यानंतर चिन्मयच्या सरकारी नोकरीतल्या आईची बदली पुण्याहून कोकणातल्या एका लहान गावी होते. हुशार, अबोल चिन्मय नव्या शाळेत येतो. तिथे त्याला बंड्या आणि त्याची टोळी भेटते. हळूहळू मैत्री जमते. मग एके दिवशी मुले सायकलींची शर्यत लावून किल्ल्यावर जातात. जोराचा पाऊस येतो, चिन्मय मित्रांपासून चुकतो, त्या भिंतींतून हाका मारत फिरतो. बाहेर येऊन पाहतो तो मित्र निघून गेलेले. तो त्यांच्याशी बोलणे तोडतो. पुढे काय होते ते चित्रपटातच पाहावे. मात्र शेवटी आईची पुन्हा बदली होते आणि चिन्मयला हे गावही सोडावे लागते, एवढे सांगणे आपल्या विषयासाठी गरजेचे आहे. चित्रपट २०१५ च्या जूनमध्ये महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. सर्वोत्तम मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला, आणि बंड्या झालेल्या पार्थ भालेराव याच्या कामाची त्या पुरस्कारांत खास दखल घेतली गेली.

किल्ल्यातल्या या प्रसंगाबद्दल एक साधा प्रश्न विचारून पाहावा : चूक कुणाची?

हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सेल्मन यांनी १९७० च्या दशकात मुलांना अशाच गोष्टी सांगून त्यांच्या मैत्रीच्या कल्पना तपासल्या होत्या. त्यांची प्रसिद्ध गोष्ट हॉली नावाच्या मुलीची. हॉली झाडावर चढण्यात पटाईत. एकदा ती पडते, वडील तिच्याकडून 'पुन्हा झाडावर चढणार नाही' असे वचन घेतात. नंतर मित्राचे मांजराचे पिल्लू झाडावर अडकते. ते उतरवू शकेल अशी ती एकटीच. आता तिने काय करावे? उत्तर 'चढावे' की 'चढू नये', यात सेल्मन यांना फारसा रस नव्हता. उत्तर देताना मूल कुणाकुणाच्या मनात शिरून येते, हे ते पाहत होते. अगदी लहान मूल फक्त पिल्लू पाहते. थोडे मोठे मूल 'वडील रागावतील' हे पाहते. आणखी मोठे मूल म्हणते, 'ती का चढली हे वडिलांना कळले तर ते रागावणार नाहीत', म्हणजे ते आता हॉलीच्या मनातून वडिलांच्या मनात डोकावते आहे.

मैत्रीचेही तसेच. पाच-सहा वर्षांच्या मुलाला मित्र म्हणजे या घटकेला बरोबर खेळणारा. आठ-नऊच्या सुमाराला मैत्री हा हिशेब असतो : मी तुला सायकल दिली, तू मला भोवरा दे. साधारण अकरा-बारापासून मित्र म्हणजे ज्याला आपले गुपित माहीत आहे आणि जो ते सांभाळतो, असा अर्थ येऊ लागतो. हे टप्पे जिन्याच्या पायऱ्यांसारखे काटेकोर नाहीत, त्यांची वये एकमेकांत शिरलेली आहेत. पण त्यांच्या उजेडात किल्ल्याचा प्रसंग पाहिला तर कळते की तिसरीतल्या मुलाच्या लेखी तो पावसात हरवल्याचा प्रसंग असू शकतो, आणि सातवीतल्या मुलाच्या लेखी विश्वासघाताचा. हरवलेला मुलगा सापडला की तिसरीतल्याची काळजी मिटते. सातवीतल्याची तिथून सुरू होते.

त्या वयात वगळले जाणे किती लागते, याचेही मोजमाप झाले आहे. 'सायबरबॉल' नावाचा संगणकावरचा एक खेळ प्रयोगांत वापरतात. तुम्ही आणि दुसरे दोघे चेंडू एकमेकांकडे टाकता. थोड्या वेळाने ते दोघे आपसांतच खेळू लागतात, तुमच्याकडे चेंडू येतच नाही. खरे तर पलीकडे कुणी नसते, संगणकच खेळत असतो. पण खेळणाऱ्याला ते ठाऊक नसते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, लंडनमध्ये केलेल्या अभ्यासात किशोरवयीन मुली आणि प्रौढ स्त्रिया यांना हा खेळ देण्यात आला. वगळले गेल्यावर मुलींचे मन प्रौढांपेक्षा अधिक खालावले. म्हणजे ज्या प्रसंगाला मोठा प्रेक्षक 'मुलांची भांडणे, मिटतील उद्या' म्हणतो, तोच प्रसंग तेरा वर्षांच्या प्रेक्षकाला खरोखरच मोठा असतो. तो अतिशयोक्ती करत नसतो.

बघणारा कुठे उभा आहे?

वय हे एक कारण झाले. पण एकाच वयाची माणसेही एकच गोष्ट वेगळी पाहतात. याचा जुना आणि आमच्या मते अजूनही सर्वांत बोलका पुरावा एका फुटबॉल सामन्याचा आहे. १९५१ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांचा सामना झाला. सामना दांडगाईचा झाला. प्रिन्स्टनच्या नामवंत खेळाडूचे नाक मोडले, डार्टमथच्या एकाचा पाय. नंतर हेस्टॉर्फ आणि कँट्रिल या दोन संशोधकांनी सामन्याचे चित्रण दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवले आणि नियमभंग मोजायला सांगितले. चित्रफीत तीच. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना डार्टमथच्या संघाचे सरासरी ९.८ नियमभंग दिसले. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना आपल्याच संघाचे दिसले ४.३. मुले खोटे बोलत होती असे नाही. प्रत्येकाने जे दिसले तेच मोजले.

दुसरा प्रयोग १९७८ चा, इलिनॉय विद्यापीठातल्या अँडरसन आणि पिचर्ट यांचा. त्यांनी वाचायला दिलेली गोष्ट अशी : शाळा बुडवून दोन मुले त्यांच्यापैकी एकाच्या घरी जातात, आणि एक दुसऱ्याला घर दाखवत फिरतो. काही वाचकांना सांगितले, 'तुम्ही चोर आहात असे समजून वाचा'; काहींना सांगितले, 'तुम्ही घर विकत घेणार आहात असे समजून वाचा'. चोरांना मौल्यवान वस्तू आठवल्या, खरेदीदारांना गळके छप्पर. इथपर्यंत आपणही अंदाज केला असता. खरी गंमत पुढे आहे. आठवेल ते सर्व लिहून झाल्यावर त्यांची भूमिका बदलली : चोराला म्हटले तू आता खरेदीदार, खरेदीदाराला म्हटले तू चोर. गोष्ट पुन्हा वाचायला दिली नाही. तरीही मघाशी न आठवलेले तपशील आता आठवू लागले! म्हणजे ते डोक्यात पोचलेले होते. उभे राहण्याची जागा बदलल्यावर हाताला लागले. (गोष्ट दोन मित्रांची होती, पण त्या मैत्रीबद्दल कुणाला काही विचारल्याचे आमच्या वाचनात नाही. संशोधकही आपापल्या जागेवरूनच बघतात.)

या दोन प्रयोगांनंतर आपण 'किल्ला' घेऊन मालवणच्या किनाऱ्यावर जाऊ.

चित्रपट आपल्याला चिन्मयच्या शेजारी उभा करतो. गाव आपण त्याच्या डोळ्यांनी पाहतो : नवे, ओले, थोडे भीतिदायक. पुण्यामुंबईच्या प्रेक्षकाला ही जागा सोयीची आहे. बर्लिनच्या मुलालाही, कारण तोही या गावात चिन्मयइतकाच नवखा. पण मालवण, देवगड किंवा वेंगुर्ल्याच्या शाळेत सातवीच्या बाकावर बसलेल्या मुलाचे काय? त्याच्या वर्गात असे चिन्मय येत असतात. बँकेत, तहसील कचेरीत, वीज मंडळात बदलून आलेल्यांची मुले. ती वेगळी मराठी बोलतात, दोन-तीन वर्षे राहतात आणि जातात. या मुलाची स्वतःची जागा पडद्यावर कुणाची? बंड्याची. किल्ल्यातल्या प्रसंगाबद्दल त्याला विचारले तर 'तो मागे रवलो, तर आमी काय करूचा?' असे उत्तर यायला काहीच हरकत नाही. ते उत्तर निष्ठुर नाही. ज्याला वाट माहीत आहे त्याला वाट न माहीत असणाऱ्याची भीती दिसत नाही, इतकेच.

बारीकसारीक गोष्टींतही हे जाणवेल. मालवणच्या मुलाच्या डोक्यातला किल्ला म्हणजे समुद्रात उभा असलेला सिंधुदुर्ग. १६६४ ते १६६७ या काळात कुरटे बेटावर बांधलेला. तिथे धक्क्यावरून होडीने जायचे, आणि पावसाळ्यात पर्यटकांच्या होड्या बंद. सायकलने, तेही भर पावसात, किल्ल्यावर जाणारी मुले पाहून त्याच्या मनात पहिला प्रश्न येणार तो 'हो खंयचो किल्लो?' असा. केंब्रिजचे फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या आपल्या पुस्तकात असेच काही नोंदवले आहे. अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा त्यांनी इंग्रज वाचकांना दिली आणि काही काळाने आठवून लिहायला सांगितली. कथेतल्या डोंग्या इंग्रजांच्या आठवणीत साध्या बोटी झाल्या, सीलची शिकार मासेमारी झाली. अनोळखी गोष्ट माणूस ओळखीच्या खणात ठेवतो, आणि ठेवताना तिचे कोपरे थोडे घासतो.

शेवटाचेही तसेच. चिन्मय गाव सोडून जातो तेव्हा चिन्मयच्या बाजूने पाहणाऱ्याला ते आणखी एक तुटणे वाटते. पण सिंधुदुर्ग जिल्हा हा चाकरमान्यांचा जिल्हा. घरोघरी कुणीतरी मुंबईला गेलेले आहे. मे महिन्यात आणि गणपतीत घर भरते, मग एके सकाळी एस.टी. किंवा कोकण रेल्वे ते रिकामे करून जाते. इथल्या मुलाला, आणि त्याच्याहीपेक्षा त्याच्या आजीला, जाण्यापेक्षा मागे राहण्याचा अनुभव मोठा आहे. ती दोघे शेवटचा प्रसंग कुणाकडे बघत पाहतील हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही.

एकाच खेळाकडे अनेक जागांवरून पाहणे या जिल्ह्याला नवे नाही. जत्रेच्या रात्री दशावतार रंगतो तेव्हा पुढे बसलेली पोरे संकासुराची वाट पाहत असतात आणि मध्येच झोपून युद्धाला उठतात. मागची जाणती मंडळी संवाद ऐकत असतात, कारण ते लिहून पाठ केलेले नसतात, नट ते तिथल्या तिथे रचतो आणि त्यातच त्याची परीक्षा असते. सकाळी घरी जाताना दोघांनीही नाटक पाहिलेले असते. 'खरे नाटक कोणते' असा वाद कुणी घालत नाही. वर्गात चित्रपट दाखवला की मात्र आपण तो घालतो, हे जरा विचित्रच.

डोक्याच्या आत

अलीकडे हे सर्व मेंदूत डोकावून पाहण्याचीही सोय झाली आहे. एफएमआरआय या तंत्राने मेंदूच्या कोणत्या भागात रक्तपुरवठा केव्हा वाढतो हे दिसते. उरी हॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना यंत्रात झोपवून चित्रपट दाखवले आणि पाहिले की वेगवेगळ्या लोकांच्या मेंदूंतले चढउतार एकाच वेळी, एकाच तालात होतात का. २००८ साली त्यांनी दिलेले आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. हिचकॉकची एक दूरचित्रवाणी-कथा, जिच्यात एक लहान मुलगा भरलेले पिस्तूल खेळण्यातले समजून हिंडत असतो, ती पाहताना मेंदूच्या बाह्य थराचा सुमारे ६५ टक्के भाग सर्व प्रेक्षकांत एका तालात चालला. बागेत कॅमेरा नुसता ठेवून घेतलेले, काहीही न कापलेले चित्रण दाखवले तेव्हा हे प्रमाण ५ टक्क्यांच्याही खाली गेले. म्हणजे काही चित्रपट प्रेक्षकाला मानगूट धरून नेतात आणि काही त्याला मोकळे सोडतात.

मैत्री आणि मोठे होणे यांवरचे आपले चांगले चित्रपट बहुधा मोकळे सोडणारे आहेत. 'किल्ला'तला समुद्र, किंवा उमेश कुलकर्णी यांच्या 'विहीर'मधला लपंडाव आणि नंतर समीरने हरवलेल्या नचिकेतचा घेतलेला शोध, यांत दिग्दर्शक बराच वेळ काहीच सांगत नाही. ही चौकट आपण आपल्या आठवणींनी भरायची असते. ज्याच्याजवळ भरायला काही आहे त्याला चित्रपट खोल वाटतो. ज्याच्याजवळ त्या क्षणी नाही, त्याला 'संथ' वाटतो. हॅसन यांनी हे चित्रपट तपासलेले नाहीत, हा आमचा तर्क आहे. पण तो बरोबर असेल तर 'मला कंटाळा आला' हीसुद्धा एक नोंद आहे, अपराध नाही.

लहान मुलांवरचा एक अभ्यास आपल्या विषयाच्या आणखी जवळचा आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रिबेका सॅक्स यांच्या गटाने ३ ते १२ वर्षांची १२२ मुले आणि ३३ प्रौढ यांना पिक्सार कंपनीचा 'पार्टली क्लाउडी' हा सहा मिनिटांहून छोटा चित्रपट दाखवला. त्यात एक ढग आणि त्याचा मित्र करकोचा आहेत. एकदा करकोचा सोडून गेला असे ढगाला वाटते. इथेही पुन्हा सोडून जाणेच! दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे याचा विचार करणारे मेंदूचे भाग आणि दुसऱ्याच्या शरीराला काय होते आहे याची दखल घेणारे भाग तीन वर्षांच्या मुलातही वेगळे ओळखू येत होते, आणि वयाबरोबर ते अधिकाधिक वेगळे होत गेले. सेल्मन यांनी गोष्टी सांगून जे पाहिले त्याची ही दुसरी बाजू म्हणता येईल.

त्याच वर्षी कॅरोलिन पार्किन्सन आणि सहकाऱ्यांनी एका पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या २७९ विद्यार्थ्यांत कोण कुणाचा मित्र याचा नकाशा काढला, आणि त्यांतल्या ४२ जणांना यंत्रात चित्रफितींचे तुकडे दाखवले. मित्रांचे मेंदू अधिक सारखे चालले. मित्राच्या मित्राचे त्याहून कमी. नकाशावर दूर असलेल्यांचे आणखी कमी. सारखे पाहतात म्हणून मित्र होतात, की मित्र झाले म्हणून सारखे पाहू लागतात? या अभ्यासातून ते ठरत नाही. पण शिक्षकाने एक गोष्ट लक्षात घ्यावी. वर्गात चित्रपट झाल्यावर चार मित्रांनी एकसारखे मत दिले तर ती चार स्वतंत्र मते असतीलच असे नाही.

किशोरवयात याला आणखी एक पदर असतो. सुझन हार्टर आणि ॲन मॉन्सूर यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या सातवी, नववी आणि अकरावीच्या मुलांना स्वतःचे वर्णन करायला सांगितले : घरी तू कसा, मित्रांत कसा, वर्गात कसा. मग त्यांतले कोणते गुण एकमेकांविरुद्ध आहेत आणि त्या विरोधाचा त्रास होतो का, हे विचारले. सातवीतल्यांना विरोध फारसा खटकत नव्हता. नववीत तो सर्वांत जास्त खटकत होता. 'मित्रांत मी हसरा आणि घरी घुम्या, मग खरा मी कोणता?' अकरावीत तो काहीसा निवळत होता. घरी आईसमोर मिटलेला आणि मित्रांत हळूहळू उघडणारा चिन्मय सातवीच्या मुलाला नुसता 'चिन्मय' दिसेल. नववीच्या मुलाला तो कदाचित एक कोडे वाटेल, आणि त्या कोड्यात तो स्वतः असेल.

हसणारे कोण होते?

इथवरचे मतभेद निरुपद्रवी आहेत. काही नसतात.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' १४ फेब्रुवारी २०१४ रोजी, म्हणजे बर्लिनचा महोत्सव चालू असतानाच, महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. कैकाडी समाजातला जब्या शाळेत जातो, वर्गातल्या एका मुलीवर त्याचे मन जडले आहे, पिऱ्या नावाचा जिवलग मित्र आहे. हाही मैत्रीचा आणि 'मी कोण' या प्रश्नाचाच चित्रपट. फरक असा की जब्याला 'तू कोण' हे गावाने जन्माआधीच सांगून टाकले आहे. शेवटाकडे त्याच्या कुटुंबाला गावातली डुकरे पकडावी लागतात. जब्या वर्गातल्या मुलांच्या नजरेपासून लपायची धडपड करतो, आणि गाव ते सर्व तमाशासारखे बघत हसते. हा प्रसंग घडवलाच असा आहे की चित्रपटगृहातही हसू येते. सुरुवातीला. मग काहींचे हसू थांबते, काहींचे थांबत नाही. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड सरळ कॅमेऱ्याच्या, म्हणजे प्रेक्षकाच्या, दिशेने येतो.

डार्टमथ आणि प्रिन्स्टनचा प्रयोग इथे पुन्हा आठवावा, पण एक फरक ध्यानात ठेवून. त्या सामन्यात दोन्ही बाजू तुल्यबळ होत्या. इथे नाहीत. जो कधी कुंपणाबाहेर उभा राहिलेला नाही त्याला तो प्रसंग गमतीचा दिसू शकतो. जो उभा राहिला आहे त्याला तो पाहवत नाही. 'प्रत्येकाची आपापली दृष्टी' असे म्हणून शिक्षकाला इथे मोकळे होता येणार नाही. वर्गातला एक मुलगा हसतो आणि त्याच्या दोन बाके मागे बसलेला मुलगा खाली बघतो, तेव्हा त्या दोन प्रतिक्रिया दोन आवडीनिवडी नसतात. एकीचा दुसरीवर परिणाम होत असतो, त्याच क्षणी, त्याच खोलीत. चेंडू त्याच्याकडे येणे थांबलेले असते.

म्हणून असा चित्रपट वर्गात दाखवायचा तर आधी शिक्षकाने तो दोनदा पाहावा, आणि दुसऱ्यांदा पाहताना आपल्या वर्गातले एकेक मूल डोळ्यांपुढे आणावे. ज्याचे आयुष्य पडद्यावरच्यासारखे आहे त्याला 'तू सांग रे, खरेच असे असते का?' असे विचारू नये. चांगल्या हेतूनेसुद्धा नाही. त्याला बोलायचे असेल तर तो बोलेल. त्याच्या वतीने वर्गाला धडा देण्याची जबाबदारी त्याची नाही.

वर्गात काय करता येईल

चित्रपट संपल्याबरोबर 'यातून काय शिकलात?' हा प्रश्न टाळावा. त्याचे उत्तर मुलांना आधीच माहीत असते : 'मित्रांशी भांडू नये.' ते पाहण्यासाठी पावणेदोन तास बसायची गरज नव्हती.

आम्हाला सुचते ते असे. आधी दहा मिनिटे कुणीही कुणाशी न बोलता लिहावे; का, ते मित्रांच्या मेंदूंच्या अभ्यासावरून कळेल. प्रश्न दोनच. सर्वांत जास्त लक्षात राहिलेला प्रसंग कोणता? आणि त्या प्रसंगात तू असतास, तर कोण असतास? कागदावर नाव नको, फक्त इयत्ता. नंतर कागद एकत्र करून वर्गात वाचून दाखवावेत आणि फळ्यावर खुणा कराव्यात : चिन्मय किती, बंड्या किती, आई किती. ('आई' असे लिहिणारी मुले निघतात का, ते विशेष पाहण्यासारखे आहे. कचेरीतल्या कटकटी सोसत एकटीने घर चालवणारी ती बाई मोठ्या प्रेक्षकांना ठळक दिसते.) 'फँड्री'सारख्या चित्रपटाला मात्र हा दुसरा प्रश्न देऊ नये, तिथे तो काही मुलांना उघडे पाडेल, आणि लहान वर्गात अक्षरावरून लिहिणारा ओळखू येतोच.

दुसऱ्या दिवशी, चित्रपट पुन्हा न दाखवता, अँडरसन-पिचर्टची युक्ती वापरावी. चिन्मय झालेल्यांनी आता बंड्या व्हावे, बंड्याने आई व्हावे, आणि किल्ल्याचा दिवस पुन्हा लिहावा. काल न लिहिलेले काय काय येते त्याची यादी करावी. ही यादी वर्गाने मिळवलेली माहिती आहे. तिला बरोबर-चूक गुण देऊ नयेत. इतिहासाच्या तासाला 'साधने' शिकवताना, किंवा विज्ञानाच्या तासाला निरीक्षण आणि अनुमान यांतला फरक सांगताना ती पुन्हा काढता येईल. एकाच घटनेची तीस साधने सहसा कुठे मिळतात?

शाळेत पाचवी ते दहावीचे वर्ग असतील तर सातवी आणि नववीला तोच चित्रपट वेगवेगळ्या दिवशी दाखवावा आणि कागदांचे दोन गठ्ठे शेजारी ठेवून पाहावे. त्याहून चांगले, पण धीराचे काम म्हणजे सातवीचा गठ्ठा वर्ष आणि तारीख घालून कपाटात ठेवायचा, आणि तीच मुले नववीत गेल्यावर तोच चित्रपट, तेच दोन प्रश्न. यासाठी कागदावर नावाऐवजी मुलाने स्वतःच निवडलेली एखादी खूण काढून घ्यावी : मासा, नांगर, कालव, काहीही. दोन वर्षांनी गठ्ठा सोडून ज्याने त्याने आपली खूण शोधावी. बदलून गेलेल्या मुलांचे कागद गठ्ठ्यातच राहतील. पत्ता असेल तर ते टपालाने पाठवून द्यावेत.